डोळ्यांदेखत वडील गेले, तरी तंबाखू सुटत नाही

पत्र थोडक्यात: पुण्यात धनकवडीला राहणाऱ्या आणि एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या 41 वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. यजमान चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, शिफ्ट ड्यूटी. विशीपासून तंबाखू-चुना, अलीकडे मावाही. सासरे दीड वर्षापूर्वी गालाच्या कॅन्सरने गेले. दहाव्याच्या दिवशी यजमानांनी पुडी टाकली, तीन महिने हात लावला नाही. मग नाइट शिफ्ट लागली आणि पुन्हा सुरू झालं, आता लपूनछपून. ताई लिहितात, "वडिलांना नळीतून दूध यांनीच दिलं. ते सगळं बघूनही सुटत नसेल तर एक तर आमची काळजी नाही, नाही तर मनाला जोरच नाही." त्या यजमानांना व्हॉट्सअ‍ॅपवर कॅन्सरच्या रुग्णांचे फोटो पाठवतात, खिसे तपासतात. 13 वर्षांच्या मुलालाही "पप्पांच्या तोंडाला वास येतो का बघ" म्हणून लावून दिलंय. नणंदेचं म्हणणं, "दादाला टेन्शन आहे, आणि कॅन्सर टेन्शननेच होतो. भाऊंनी (म्हणजे सासऱ्यांनी) जन्मभर सगळं मनात ठेवलं, म्हणून झाला." ताईंचा प्रश्न आहे: मुलाला घेऊन माहेरी जाण्याची धमकी द्यावी का?

प्रिय ताई,

माहेरचा प्रश्न जरा बाजूला ठेवू. तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर, सासूबाईंच्या डोकेदुखीच्या आणि मुलाच्या क्लासच्या मध्ये, एक ओळ आहे: "हल्ली यांना तिखट चालत नाही, भाजी फिकी करायला सांगतात. मिसळही सोडली. म्हणतात पित्त वाढलंय." ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. मी मात्र तिथेच थांबले.

मावा आणि तंबाखू खाणाऱ्या माणसाला तिखट झोंबायला लागणं हे पित्ताचं लक्षण असेलही. पण तोंडाच्या आतली त्वचा आखडू लागली की सुरुवात बऱ्याचदा अशीच होते. सुपारीमुळे हे जास्त होतं आणि मावा म्हणजे मुख्यतः सुपारीच. मग गाल आतून कडक, पांढुरके लागतात, हळूहळू तोंड पूर्ण उघडेनासं होतं. घरच्या घरी पाहण्याची एक साधी खूण आहे: तोंड उघडून स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी, समोरच्या दातांमध्ये जातात का. जात नसतील तर लवकर दाखवायला हवं. जात असली तरी दाखवायचंच आहे. झोंबण्याचं कारण साधं निघू शकतं, एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते. पण ते डॉक्टरांनी तोंडात बघून सांगायचं आहे, तुम्ही किंवा मी अंदाज करून नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, गिळताना अडकणं, यातलं काही असेल तर आजच्या आज.

कुठे जायचं? जवळच्या चांगल्या दंतवैद्याकडे गेलात तरी चालेल. शहरातल्या दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत अशी तोंडं रोज पाहिली जातात, आणि बऱ्याच ठिकाणी तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशनही असतं. ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय आहेच. डॉक्टरांना किती वर्षं खातात, दिवसाला किती वेळा बार भरतात, कोणत्या गालात धरतात आणि मावा कधीपासून, हे खरं सांगायचं. आणि हो, तपासणीची अट "आधी सोडा, मग जाऊ" अशी अजिबात घालू नका. खाणाऱ्यानेच आधी दाखवायला हवं.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते. "काळजी नाही" आणि "मनाला जोर नाही" हे दोन निष्कर्ष तुम्ही काढले आहेत. मला दोन्ही पटत नाहीत, आणि पुरावा तुमच्याच पत्रात आहे. ज्या माणसाला जोर नाही तो तीन महिने कोरडा कसा राहिला? तेही वडील गेल्यानंतरच्या तीन महिन्यांत, जेव्हा माणूस सगळ्यात जास्त मोडलेला असतो. सुटली होती, आणि पुन्हा लागली ती नाइट शिफ्ट सुरू झाली त्या आठवड्यात. मग प्रश्न काळजीचा आहे की शिफ्टचा?

कारखान्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा. यंत्राजवळ बिडी-सिगारेट चालत नाही, जागा सोडून बाहेर जाता येत नाही, पहाटे तीनच्या सुमारास डोळे मिटायला लागतात. गालात बार असला की हात मोकळे राहतात, धूर नाही, साहेबाला दिसत नाही, झोप लांबते. शेजारचा मळतो, दोघांपुरतं मळतो, तळहात पुढे करतो. त्या तळहाताला नाही म्हणणं म्हणजे रोज रात्री ज्या माणसांच्या भरवशावर काम करायचं त्यांच्यापासून वेगळं पडणं. विशीत लागलेली सवय इतकी वर्षं या जागेने, या वेळेने आणि या माणसांनी जोपासली आहे.

हे एकट्या तुमच्या घरचं नाही. 2016-17 च्या देशव्यापी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात धूर काढणारे जेमतेम 3.8 टक्के, बिनधुराचा तंबाखू घेणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न सिगारेटचा कमी आणि पुडीचा फार जास्त आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही.

वडिलांचं आजारपण पाहिलं म्हणजे माणूस शहाणा होईल, असं आपण धरून चालतो. काही होतात. पण बरेच जण नुसते घाबरतात, आणि भीतीचं काय करायचं हे कळलं नाही तर माणूस ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याकडे बघणंच टाळतो. तुमचे यजमान आरशासमोर तोंड उघडून बघत नसतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. ज्याने वडिलांना नळीतून दूध दिलं त्याला पुढे काय असतं हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. "पित्त वाढलंय" हे वाक्य मला बेफिकिरीचं वाटत नाही. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे बहुतेकदा पुढे गेल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोचतो, त्याचं एक मोठं कारण हीच धास्ती आहे. दुसरं कारण लाज. घरात ज्याच्या सवयीवर रोज पंचायत बसते, तो तोंडात काही दिसलं तरी सांगेल का? सांगितलं तर पहिलं वाक्य काय ऐकावं लागेल, ते त्याला पाठ आहे.

म्हणून ते फोटो थांबवा. पुडीवरच 2016 पासून 85 टक्के जागा व्यापणारं चित्र आणि इशारा असतो. तेच चित्र दिवसातून चारदा बघणाऱ्याला तुमचा पाचवा फोटो नवीन काय सांगणार? खिसे तपासणंही थांबवा. तपासल्यामुळे खाणं कमी झालं नाही, लपवणं वाढलं आहे, हे तुम्हीच लिहिलं आहे. मुलाला वास घ्यायला लावणं तर आजच बंद. तेरा वर्षांच्या मुलाने बापावर पहारा ठेवायचा, आणि वास आला की आईला सांगून घरात भांडण लावायचं, हे ओझं त्याचं नाही. पूर्वी त्यालाच पुडी आणायला पाठवत असत, असंही तुम्ही लिहिलंय. 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या मुलाच्या हातात पुडी घरातूनच आली, त्याला ती परकी वाटत नाही. त्याच्याशी वडिलांनी स्वतः बोलणं, "मला सुटत नाहीये, तू लागू नकोस" एवढं जरी, तुमच्या दहा भाषणांपेक्षा कामाचं ठरेल.

आता नणंदबाईंच्या मताबद्दल. ते खूप घरांत ऐकू येतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ताणाने थेट कॅन्सर होतो, असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. 2013 साली युरोपातल्या सुमारे 1 लाख 16 हजार माणसांची माहिती एकत्र करून कामाचा ताण आणि कॅन्सर यांचा संबंध तपासला गेला. ताणाच्या नोकऱ्या करणाऱ्यांत कॅन्सर जास्त आढळला नाही. आणि "मनात ठेवणाऱ्या स्वभावाला कॅन्सर होतो" ही कल्पना कशी पसरली, ते ऐकण्यासारखं आहे. हान्स आयझेंक हे ब्रिटनमधले फार गाजलेले मानसशास्त्रज्ञ. स्वभावाचा आणि कॅन्सरचा घट्ट संबंध असल्याचे निबंध त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केले. त्यांच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांचा पैसा होता. 2019 मध्ये त्यांच्याच संस्थेने, लंडनच्या किंग्ज कॉलेजने, चौकशी करून त्या सहकाऱ्याबरोबरच्या निबंधांचे निष्कर्ष भरवशाचे नाहीत असं जाहीर केलं. दोष स्वभावावर गेला की पुडी दोषातून सुटते, हे कंपन्यांना कळत होतं. तुमच्या नणंदेला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. तिला फक्त वडिलांना दोष द्यायचा नाहीये, आणि ते मी समजू शकते. पण "भाऊंनी मनात ठेवलं म्हणून" असं म्हणताना दोष पुन्हा भाऊंच्याच माथी जातो, हेही तिला कधीतरी सांगा.

मग ताणाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो आडवळणाने येतो. ताण हात पुडीकडे नेतो, टपरीकडे नेतो, बाटलीकडे नेतो, झोप आणि जेवणाच्या वेळा बिघडवतो, आणि डॉक्टरकडे जाणं "पुढच्या महिन्यात" ढकलतो. धोका वाढतो तो या मार्गाने. हे समजलं तर ताणाच्या बोलण्याला आपण "बहाणा" म्हणून झटकणार नाही आणि "बिचाऱ्याला टेन्शन आहे, खाऊ दे" असंही म्हणणार नाही.

"खाल्ल्यावर डोकं शांत होतं" हे यजमान खोटं बोलत नाहीत. पण जी बेचैनी शांत होते तिच्यातली बरीचशी निकोटिन उतरल्यामुळेच आलेली असते; बार भरला की ती तेवढ्यापुरती जाते आणि तासाभरात परत येते. सिगारेट सोडलेल्या लोकांवरच्या बऱ्याच अभ्यासांचा 2014 मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण सोडल्यानंतर कमी झालेला दिसला. सुरुवातीचे दिवस मात्र वाईट जातात. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड असतात, चिडचिड, झोप नाही, कामात लक्ष नाही, आणि मग तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं निवळत जातं. या काळात ते तुमच्यावर ओरडतील. तेव्हा "यापेक्षा खाल्लेलं बरं" असं तुमच्या तोंडून निघू देऊ नका. बायका हे वैतागून म्हणतात आणि ऐकणारा ते परवानगी म्हणून ऐकतो.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळं त्यावरच अडलंय. रविवारी सासूबाई झोपल्यावर, मुलगा बाहेर असताना, चहा घेताना, एवढंच म्हणा: "मी खिसे बघणं सोडलंय. तिखट चालत नाही त्याची मला भीती वाटते. शुक्रवारी अर्धी रजा काढते, दोघं दाखवून येऊ. तंबाखूचं आज काही बोलत नाही." आणि खरंच बोलू नका. ते गप्प बसले तरी चालेल. नाहीच म्हणाले तर भांडू नका. दोन दिवसांनी तेच वाक्य पुन्हा.

तपासणीनंतर सोडण्याचं बोलणं निघेल तेव्हा तारीख त्यांनी ठरवावी, आणि ती दिवसपाळीच्या आठवड्यात ठरवावी. रातपाळीच्या पहिल्या रात्री सोडायचं ठरवणं म्हणजे हरायचं ठरवणं. निकोटिनची 2 मिलिग्रॅमची गोळी, जी च्युइंगमसारखी असते, औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. लोक ती भराभर चघळतात आणि "काही उपयोग नाही" म्हणून टाकतात. ती हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गालात थांबवायची, ओसरल्या की पुन्हा चावायची. घेण्याआधी पाव तास आणि ती तोंडात असताना चहा घ्यायचा नाही. पण यजमानांच्या तोंडात आधीच आग होत असेल तर गोळीऐवजी त्वचेला लावायची पट्टी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी आहे 1800 112 356. तो पुडीवरच छापलेला असतो, म्हणजे यजमान तो खिशात घेऊनच फिरतात.

एक ताकीद. तंबाखू सोडून "नुसती सुपारी" धरणारे मी फार पाहिले. जेवणानंतर गोड सुपारी, लग्नात मसाला सुपारी, त्यात काय एवढं, असं. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 सालीच जाहीर केलं आहे. तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, वेलदोडा. यजमानांचा मावा तर तंबाखूच्याही आधी बंद व्हायला हवा.

रातपाळीतल्या त्या तळहाताचं काय करायचं, याचं उत्तर घरात नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या 12 हजारांवर लोकांचा 32 वर्षांचा मागोवा घेतलेला एक अभ्यास 2008 मध्ये आला. सिगारेट सोडणारे एकेकटे नाही, गटागटाने सोडतात, असं त्यात दिसलं. जोडीदाराने सोडली तर दुसरा ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली तर 36 टक्क्यांनी. तो अभ्यास सिगारेटचा आणि तिकडचा, तरी सूत्र ओळखीचं वाटतं. यजमानांबरोबर मळणाऱ्यांत कोणीतरी एक असेलच ज्याची बायकोही तुमच्यासारखीच वैतागली आहे. त्या दोघांनी मिळून सोडावी. कंपनीच्या डॉक्टरला सांगून तपासणीचा दिवस ठेवता आला तर आणखी चांगलं. सगळ्यांनी तोंड उघडून दाखवायचं असलं की लाज एकट्याची राहत नाही. हे हिंजवडीच्या टपरीवर चहाबरोबर सिगारेट पेटवणाऱ्या आणि मला वेगळी पत्रं लिहिणाऱ्या मुलामुलींनाही लागू आहे. सिगारेट सोडायची तर आधी साडेचारच्या चहाची जागा, नाही तर सोबत, बदला.

आणि आता घरातला दुसरा तंबाखू. सासूबाईंची मिश्री. पूर्ण पत्रात तिचा उल्लेख एकदा, "सकाळी मिश्री लावून झाल्यावर त्या देवपूजेला बसतात" एवढाच. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, ताई. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 17 टक्के बायका तंबाखू वापरत होत्या, पण आपण बायकांच्या तंबाखूला दात घासणं म्हणतो आणि पुरुषाच्या तंबाखूला व्यसन. नवरा ज्या घरात सोडायचा प्रयत्न करणार, तिथे न्हाणीघराच्या फळीवर मिश्रीचा डबा असणार. सासूबाईंचं वय पाहता त्यांच्यावर सक्ती करू नका, पण शुक्रवारी त्यांनाही बरोबर न्या आणि तोंड दाखवा. मुलाने आईला "तूही दाखव" म्हटलं तर त्या येतील. तुम्ही म्हटलंत तर येणार नाहीत, हे मी न सांगताही तुम्हाला माहीत आहे.

त्या पत्रात एका माणसाचे खिसे तपासले जातात आणि बाकी दोघींकडे कोणी बघत नाही. "माझ्या तपासण्यांचं म्हणाल तर वेळ कुठे आहे" असं तुम्ही लिहिलंत. हेच वाक्य यजमानांनी म्हटलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? वयाच्या तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमधून करून घेता येते. गर्भाशयमुखाची साधी तपासणी, ज्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी पाहतात, काही मिनिटांची असते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरिअलने सुमारे दीड लाख बायकांवर वर्षानुवर्षं हा प्रयोग केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी ही तपासणी केली, आणि त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 31 टक्क्यांनी कमी झाले. वेळ नाही हे मला कळतं. पतसंस्था, स्वयंपाक, सासूबाई, मुलाचा क्लास. पण खिसे तपासायला आणि फोटो शोधायला जो वेळ जात होता, तो आता मोकळा होणार आहे.

माहेरचं राहिलं. धमकी म्हणून जाऊ नका. धमकीने माणूस चार दिवस पुडी लपवायला आणखी चांगलं शिकेल, आणि तुम्ही परत आलात की पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन राहणार नाही. त्यातून रिकामं घर आणि रातपाळी एकत्र आली तर खाणं वाढेलच. पण तुम्हाला स्वतःला थकवा आला असेल, दीड वर्षापूर्वीचं आजारपण तुमच्याही अंगावरून गेलं आहे, तर दोन दिवस जरूर जाऊन या. जाताना "कंटाळले आहे, आईकडे झोप काढून येते" असं खरं कारण सांगून जा. रात्री झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो यजमानांना जसा चालेल तसा तुम्हालाही.

आणि सोडल्यावर यजमानांनी पुन्हा खाल्लं तर? बहुतेक जण एका दमात सोडत नाहीत, तेव्हा हे होईल असं धरूनच चाला. त्या दिवशी फक्त विचारा: कुठे होता, कोणाबरोबर होता, किती वाजले होते. तीन महिन्यांनंतर मागच्या वेळी काय झालं, याचं उत्तर रातपाळी होतं. पुढच्या वेळी दुसरं काही असेल, आणि ते कळलं की त्या वेळेची तजवीज करता येईल. शुक्रवारी डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा.